सगळ्या दारांपासून सारखी दूर

माझा जन्म झाला त्या घराला कडी-कोयंडा नव्हता. बांधणाऱ्यांची ऐपत नव्हती असं नाही, तसा ठरावच झाला होता. चांदवडच्या पुढे, हमरस्त्यापासून तासभर आत, उघड्याबोडक्या माळावर काही भल्या माणसांनी मिळून एक वसाहत वसवली होती. जमीन सगळ्यांची, चूल एक, मालक कुणी नाही, जात कुणी विचारायची नाही आणि दाराला कडी लावायची नाही. प्रत्येक गोष्ट सभेत ठरायची आणि तीही एकमताने. एक हात जरी खाली राहिला तरी ठराव पडला. मला हे सगळं इतकं अंगवळणी पडलं होतं की नाशिकला राहायला आल्यावर शेजारीण दाराला कुलूप लावून बाजारात गेली, तेव्हा हिने आत कुणाला कोंडलंय, असं मी आईला विचारलं होतं.

वसाहतीच्या विहिरीची जागा माझ्या वडिलांनी सुचवली. विहीर खाली ओढ्याच्या अंगाला खणावी हे शेंबडं पोरही सांगेल, आणि सभेत काहीजण तसं म्हणालेही. तेव्हा बाबा उभे राहिले. आमच्या मूळ गावात आमच्या लोकांनी विहिरीपासून लांब उभं राहायचं आणि कुणाला दया आली तर वरून ओतलेलं पाणी घ्यायचं, अशी रीत होती. बाबांनी ते सांगितलं आणि म्हणाले, विहीर कुणाच्या दाराजवळ असली की हळूहळू ती त्याची होते. म्हणून ती मधोमध हवी, सगळ्या दारांपासून सारखी दूर. घरं गोलाकार बांधली होती, त्यामुळे मध्य शोधायला फार डोकं लागलं नाही. सगळे हात वर गेले. माझी आत्या त्या सभेत ढसाढसा रडली, असं आई सांगायची.

मध्यावर खाली सगळा काळा पाषाण होता. पाणी लागलं, पण करंगळीएवढं. फाल्गुन सरेपर्यंत बादली तळाला खरवडायची. तरी विहिरीची जागा चुकली असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही, कारण तिथे पाण्याचा नव्हे, न्यायाचा प्रश्न होता. आता लिहितानाही मला याचा राग येतो, आणि त्या माणसांविषयी मायाही वाटते.

आत्या बाबांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात नवरा गेला आणि ती सासरी राबत पडली होती. बाबांनीच तिला वसाहतीत आणलं. तिथे तू कुणाची विधवा नाहीस, सभासद आहेस, असं तिला सांगितलं. तिच्याकडे दोर वळायचं काम होतं. माळावर घायपात भरपूर, तिची पानं कुजवून, ठेचून, आतला धागा म्हणजे वाख काढून ती असे दोर वळायची की चांदवडच्या बाजारात गिऱ्हाईक तिचाच दोर मागे.

बहात्तरच्या दुष्काळात विहीर ठणठणीत कोरडी पडली आणि माणसं निघाली. वसाहत सोडायलाही ठराव लागे. एकेक कुटुंब संध्याकाळी सभेत बसायचं, जायची परवानगी मागायचं, सगळे हात वर व्हायचे आणि सकाळी बैलगाडी हलायची. आत्याने प्रत्येकासाठी हात वर केला. बाबांना मात्र तिच्यासमोर ती परवानगी मागायला तोंड नव्हतं. एका पहाटे त्यांनी आईला आणि मला उठवलं आणि आम्ही फाट्याकडे चालू लागलो. पाऊस पडला की येतो, एवढंच ते आत्याला दारातून म्हणाले. पाऊस पडला, पण तोवर बाबांना नाशिकला शाळेत नोकरी लागली होती.

आत्या राहिली. वर्षातून एकदा, जयंतीला, ती नाशिकला यायची. दोन दिवस राहायची, मला न्हाऊ घालायची, बाबांना काही म्हणजे काही बोलायची नाही आणि परत जायची. बाबा तिकडे एकदाही गेले नाहीत. आई वारली तेव्हाही आत्याच आली. पुढे तिचं येणं बंद झालं. डोळ्यांनी दिसत नाही, असा निरोप आला.

मी कॉलेजात होते तेव्हाची गोष्ट. फाट्यावरचा चहावाला डोळे दाखवायला नाशिकच्या सरकारी दवाखान्यात आला होता, तो आमच्या घरी येऊन गेला. आत्याला पीठमीठ तोच पोचवायचा. वसाहतीतले पत्रे गेले, चौकटी गेल्या, लोक काहीबाही उचलून नेतात, असं तो बराच वेळ सांगत होता. मग कपबशी खाली ठेवून म्हणाला, "मास्तर, बाईला घेऊन या. विहिरीचा कठडाबी नेला लोकांनी. भोक हाय नुसतं जमिनीत, आन त्यांना दिसत नाय."

पुढच्या रविवारी आम्ही निघालो. पिंपळगावपर्यंत द्राक्षांच्या बागा हिरव्यागार होत्या, एसटीच्या खिडकीतून गार वारा येत होता. चांदवड मागे पडलं तसा रंग उडत गेला. फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. चहावाल्याने पाणी दिलं आणि अंधार पडायच्या आत परत फिरा असं बजावलं. माळावर पायवाटही उरली नव्हती. घायपात मात्र माजली होती, तिचे काटे माझ्या साडीला धरून ओढत होते.

वसाहत दिसायच्या आधी ऐकू आली. लोखंडावर लोखंड आपटल्याचे टोले. वसाहतीत रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला असायचा, संध्याकाळी सभेची वेळ झाली की तो वाजवत; आत्या अजूनही वाजवत होती. बाबा जागच्या जागी थांबले. मला वाटलं त्यांना धाप लागली. टोले थांबेपर्यंत ते तसेच उभे राहिले.

घरं म्हणजे नुसत्या भिंती होत्या. आत्याची खोली सोडली तर कुठे छप्पर नाही, दार नाही, चौकट उपटली तिथे माती ढासळलेली. ती सगळी तोंडं आजही मध्याकडे वळलेली होती. माझं घर मी ओळखलं ते कोनाड्यावरून; आत बाभूळ उगवली होती. आणि मधोमध ती विहीर, कठड्याशिवाय, जमिनीशी सपाट. आपण चालत जावं आणि कळूही नये. काठाशी मला थांबवेना.

एका दारापासून विहिरीपर्यंत कमरेच्या उंचीवर एक दोर ताणून बांधलेला होता. तो धरून आत्या पाण्याला जायची-यायची. तिनेच वळलेला, हाताला गुळगुळीत. आमची चाहूल लागली तशी ती दोराला धरूनच समोर आली. बारीक झाली होती, डोळ्यांत दुधासारखी साय धरली होती. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला, मग बाबांच्या. कोण आलंय ते विचारलं नाही.

मी तिला चौकटी कोण नेतं ते विचारलं. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. माणसं येतात, आवाज येतो, मी विचारते कोण हाय, तर बोलत नाहीत, असं ती म्हणाली. सगळं सगळ्यांचंच होतं ना, नेऊ देत. ती हे अगदी सरळ सांगत होती. तिच्या खोलीच्या दारालाही कडी नव्हती.

बाबांनी नाशिकचं सगळं सांगितलं. डोळ्यांचं ऑपरेशन होतं, घरात नळ आहे, हिचं कॉलेज आहे, तुझ्यावाचून घर ओकंबोकं आहे. आत्या ऐकत होती. मग ती उठली, चाचपडत रुळाच्या तुकड्याजवळ गेली आणि तिने टोले दिले. रिकाम्या घरांतून ते परत आले. आम्ही सभेला बसलो, जिथे सगळे बसायचे तिथेच.

तिचं म्हणणं सरळ होतं. बाकी सगळे रीतसर परवानगी घेऊन गेले होते. सभासद उरली ती, बाबा, कारण ते न विचारता गेले होते, आणि मी, कारण वसाहतीत जन्मलेलं मूल अठरा वर्षांचं झालं की सभेत त्याचाही हात मोजला जाई. तिने ठराव मांडला: वसाहत बंद करावी. आणि तिने स्वतः हात वर केला.

मला वाटलं, सुटलो. मी ताबडतोब हात वर केला. मला त्या वसाहतीशी देणंघेणं नव्हतं, मला ती म्हातारी त्या भोकापासून लांब हवी होती. मी बाबांकडे पाहिलं. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते.

आत्याला दिसत नव्हतं. तिने मला विचारलं, त्याचा हात वर हाय का? मी बाबांना डोळ्यांनी खुणावलं, मग कोपराने ढोसलं. सूर्य भिंतींच्या मागे गेला होता आणि विहीर काळी दिसायला लागली होती. बाबा त्या विहिरीकडेच बघत होते.

"अक्का," ते म्हणाले, "बंद कशाला म्हणायचं? तू नुसती चल."

"नुसता तू गेलास," आत्या म्हणाली. "मी नुसती येणार नाय."

मग तिने हात खाली घेतला. चिडली नाही. ठराव पडला म्हणाली आणि आम्हाला भाकरी खायला घातली. आम्ही फाट्यावर पोचलो तेव्हा अंधार पडला होता. वाटेत मी बाबांना तोंडाला येईल ते बोलले. एक हात वर करायचा होता, खोटा का असेना, असं म्हटलं. ते म्हणाले, "तिथे खोटा हात कुणी कधी वर केला नाही गं." इतकी वर्षं तिथे पाऊल न ठेवणाऱ्या माणसाने हे म्हणावं, याचा मला इतका संताप आला की एसटीत मी दुसऱ्या बाकावर जाऊन बसले.

त्यानंतरचा उन्हाळा मी कान लावून काढला. दारावर थाप पडली की हातातलं टाकून मी धावायचे. बाबा शाळेतून येऊन गॅलरीत बसायचे आणि संध्याकाळ झाली की उठून आत यायचे. टोल्यांची ती वेळ होती.

मृगाच्या तोंडावर चहावाला आला. या खेपेला तो बसला नाही.

आत्या विहिरीत सापडली होती. आम्ही पोचलो तेव्हा तिला वर काढून निजवलं होतं, हातातली बादली तशीच खाली विहिरीत होती. मी दाराशी गेले. खुंटीला दोराची गाठ होती आणि गाठीपुढे दोर नव्हता. विळ्याने कापलेला सरळ काप. विहिरीच्या बाजूच्या खुंटीलाही तसाच. कुणी नेला ते शेवटपर्यंत कळलं नाही. चांगला दोर होता, कुणालाही उपयोगी पडला असता.

तिला आम्ही ओढ्याच्या काठी जाळलं. फाट्यावरून आलेली चार माणसं परत गेली. मी पाणी प्यायला म्हणून थांबले होते, तेवढ्यात मागे टोले पडले. बाबांनी रूळ वाजवला होता. मग ते येऊन आपल्या जागी बसले, मलाही समोर बसायला सांगितलं आणि घसा साफ करून म्हणाले, वसाहत बंद करावी.

त्यांनी हात वर केला. उजवा हात, कोपरात सरळ, शाळेतली पोरं करतात तसा. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझे वडील रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. माझं त्यांच्यावर प्रेम होतं, हेही इथे सांगायला हवं.

मी हात मांडीवरच ठेवला. ज्या हाताची ती वाट बघत बसली होती, तो आता तिच्यामागे वर झाला होता, आणि त्याने मोकळं होणारं तिथे एकच माणूस होतं. बाबा हात तसाच वर धरून बसले. मग त्यांनी तो खाली घेतला आणि ठराव पडला म्हणाले.

पुढे बाबाही गेले. आता त्या माळावर भिंतीही उरल्या नसतील. पण नियम नियम असतो. बंद करायचा ठराव कधी झाला नाही, तेव्हा वसाहत चालू आहे, आणि तिची सभासद मी एकटीच आहे. आता सभा बोलवायची तर मलाच जाऊन टोले द्यावे लागतील. मी अजून गेलेले नाही.