गाळलेलं गाणं

भक्तराज हे त्यांचं खरं नाव नव्हे. समोरच्या चावीवाल्यानं ते ठेवलं आणि हळूहळू सगळ्या गल्लीनं उचललं. माणूस तसा देवळाची पायरी क्वचितच चढणारा. त्यांची सगळी भक्ती एका रॉक बँडवर होती.

तीन खुर्च्यांचं त्यांचं सलून. इतर सलूनवाले आरशांच्या वर केसांच्या तऱ्हा दाखवणारे फोटो लावतात, तिथे यांनी बँडच्या चौघांना टांगलेलं. सकाळी शटर वर गेलं की आधी टेप चालू, मग पाणी तापवायचं. गिऱ्हाइकाला ती गाणी आवडोत न आवडोत, मान यांच्या हातात आणि गळ्याशी वस्तरा. ऐकण्यावाचून इलाज नसे.

"अरे, दाढीच्या आधी गिऱ्हाइकाच्या कानात कापूस घालत जा," चावीवाला म्हणायचा. "वस्तरा लागला तर तुरटी तरी आहे. या आरडाओरड्यावर काय औषध?"

"तुला नाही कळायचं. तुझं सगळं आयुष्य कानशीच्या आवाजात गेलं."

"म्हणून तर सांगतोय! तोच आवाज दिवसभर ऐकून येतो मी."

भक्तराज हसायचे आणि टेपचा आवाज किंचित वाढवायचे.

हे वेड लागलं ते विशी गाठायच्या आधी. तेव्हा ते दुसऱ्याच्या सलूनमध्ये काम शिकत होते. शहरात ओळखीचं कुणी नाही. राहायला चौथ्या मजल्यावरची एक खोली, तिला खिडकी नाही. अशात हा बँड आला, आणि त्याची गाणी होती भाड्याच्या खोल्यांची, चुकलेल्या शेवटच्या बसची, मालकाच्या बोलण्याची. भक्तराजांना वाटलं, आपल्या खोलीत कुणीतरी डोकावून गेलं. त्यातही एक गाणं होतं 'जिन्यातला दिवा'. उशिरा घरी येणाऱ्या मुलासाठी कुणीतरी जिन्यातला दिवा चालू ठेवलाय, एवढंच. यांच्या जिन्यातला दिवा तर कायम गेलेला असायचा. त्या गाण्यानं त्यांना पार भारून टाकलं.

बायकोही त्याच गाण्यानं मिळाली. काम शिकत होते त्या सलूनच्या वरच्या मजल्यावर शिवणकामाचं दुकान होतं. तिथली एक मुलगी मशीन चालवता चालवता ते गुणगुणायची. छत पातळ होतं. खाली यांचा कात्रीचा हात थांबायचा आणि मालक ओरडायचा. तिला त्या बँडचं एवढंच एक गाणं आवडे. "बाकीचं म्हणजे फडताळातून भांडी कोसळल्यासारखं," असं ती लग्नाआधीही म्हणायची आणि नंतरही.

लग्नाला वर्ष झालं असेल नसेल, बँडचा ड्रमवाला रस्त्यावरच्या अपघातात गेला. उरलेल्या तिघांनी उसन्या ड्रमवाल्याला घेऊन निरोपाचा दौरा काढला. या शहरात मोठ्या मैदानावर कार्यक्रम झाला. नवराबायको दोघं गेले. शेवटी 'जिन्यातला दिवा' झालं आणि गायक माइकपाशी तसाच उभा राहिला.

"हे गाणं आमच्या मित्राचं होतं," तो म्हणाला. "आज ते इथेच ठेवून जातो. यापुढे आम्ही ते वाजवणार नाही. तुम्हीही वाजवू नका. कबूल असेल तर हात वर करा."

हजारो हात वर गेले. भक्तराजांचा हात सगळ्यांत आधी गेला असावा, निदान त्यांना तसं वाटलं. डोळे इतके भरले होते की शेजारी काय चाललंय ते त्यांना दिसलं नाही.

त्या हजारोंतले बहुतेक दुसऱ्या दिवशी कामाला लागले आणि विसरले. भक्तराजांनी मात्र घरी येऊन कॅसेट उघडली, पट्टी बाहेर काढली, नव्या पात्यानं गाण्याचा तेवढा तुकडा कापला आणि दोन टोकं जोडून टाकली. हात सफाईचा, जोड कळतसुद्धा नसे. आधीचं गाणं संपलं रे संपलं की लगेच नंतरचं सुरू. मुलगी त्या कॅसेटवरच वाढली. ती दोन्ही गाणी मिळून एकच आहेत अशी तिची बरीच वर्षं समजूत होती. एकदा मैत्रिणीकडून धावतच आली. "बाबा, आपल्या कॅसेटमधलं एक गाणं हरवलंय!"

"हरवलं नाही. आपण ते ठेवून दिलंय," भक्तराज म्हणाले, आणि मैदानावरची हकीकत त्यांनी तिला सांगितली. सांगताना त्यांच्या अंगावर काटा आला. गाणं आपल्या शहरात, आपल्या डोळ्यांदेखत ठेवलं गेलं, याचा त्यांना केवढा अभिमान! गिऱ्हाइकानं कधी त्याची फर्माईश केलीच तर "ते नाही मिळणार" म्हणून सांगत, आणि समोरचा खुर्चीत बसलेलाच असल्यामुळे त्यालाही सगळी हकीकत ऐकावी लागे.

मध्यंतरी बायकोच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, खोलीत अंधार, हलायचं नाही. ती मुळात धीराची, पण तिसऱ्या दिवशी तिचा धीर सुटला.

"अहो, ते गाणं आणा ना कुठून तरी. एकदाच. अगदी हळू लावा."

भक्तराज पलंगाच्या कडेला बसले होते. त्यांनी तिचा हात हातात घेतला. "दुसरं काहीही सांग. तेवढं नको. शब्द दिलाय."

"कुणाला? त्यांना तुमचं तोंडसुद्धा माहीत नाही."

"मला तर माहीत आहे ना."

"बरं," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळली. ऑपरेशनमुळे कुशीवर वळायची मनाई होती, तरी वळली.

तेव्हापासून तिचं गुणगुणणं थांबलं. भक्तराजांना वाटलं, हिनंही शेवटी आपला शब्द स्वतःचा मानला. त्यांचं मन तिच्याविषयी आदरानं भरून आलं. खरंच भरून आलं.

अशी तीस-एक वर्षं गेली, आणि एका सकाळी मुलीचा फोन आला. ती आता आपल्या संसारात, दोन बस बदलून जावं लागेल इतक्या अंतरावर. "बाबा, बसलात का? आधी बसा. ते परत येतायत. तिघंही. आपल्या इथल्या स्टेडियमवर. मी तिकिटं काढलीसुद्धा, आणि नंतर भेटून फोटो काढायचा तो पासही."

भक्तराजांच्या खुर्चीत एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीचं होतं. ते बराच वेळ तसंच राहिलं.

चावीवाल्याला कळायला उशीर लागला नाही. "मग? आता तुझं ते कुलूपबंद गाणं उघडणार म्हण की!"

"ते सोडून सगळं वाजवतील, बघच तू."

"अरे, लोक त्याच्यासाठीच तर येणार."

"येऊ देत. म्हणून तर ते वाजवणार नाहीत. शब्द म्हणजे शब्द."

"माणसं आहेत रे ती," चावीवाला म्हणाला. त्याच्या बोलण्यात या वेळी टवाळी नव्हती, म्हणून भक्तराजांना ते जास्त लागलं.

कार्यक्रमाच्या दिवशी ते दुपारीच इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. बायको चपला बदलत बसली होती. तिला म्हणाले, "बघ हं, त्या गाण्याच्या जागी ते एखादा मिनिट शांत उभे राहतील. मला खात्री आहे. सगळं स्टेडियम शांत राहील. काय क्षण असेल तो!"

"चला आता," ती म्हणाली.

स्टेडियममध्ये तिघं एका नव्या ड्रमवाल्यासह रंगमंचावर आले तेव्हा भक्तराज लहान मुलासारखे ओरडले. गायकाचे केस रंगवलेले होते आणि कानशिलांवर रंग नीट बसला नव्हता. एरवी असलं काम पाहून त्यांनी नाक मुरडलं असतं. आज त्यांना त्याचंही कौतुक वाटलं. बिचारा, इतकी वर्षं कुणाकुणाच्या हाती डोकं देत फिरला असेल! गाण्यांमागून गाणी झाली. त्यांचा घसा बसला. मुलगी हसून आईला खुणावत होती.

मग दिवे मंद झाले. गायक पुढे आला. "एक गाणं," तो म्हणाला, "तुम्ही आणि आम्ही इतकी वर्षं जपून ठेवलंय..."

भक्तराजांनी डोक्यावरची टोपी काढली आणि ताठ उभे राहिले.

गिटारचे पहिले सूर आले. त्यांना वाटलं, एवढे दोनच सूर वाजवून थांबतील. पण ड्रम सुरू झाले, तेही दुडक्या चालीत, नाचायला बरे पडतील असे. वरून रंगीत कागदांचे तुकडे उडाले. "हात वर!" गायक ओरडला, आणि सगळ्या स्टेडियमचे हात वर गेले. प्रत्येक हातात फोन.

भक्तराज टोपी धरून उभेच होते. आणि तेवढ्यात शेजारून आवाज आला. बायको गात होती. चेहरा वर, डोळे ओले, ओठांवर हसू. पहिलं कडवं, दुसरं कडवं. तिसरं भक्तराजांना आठवेना. इतक्या वर्षांत ते मनातून पुसून गेलं होतं. ती मात्र एका अक्षरालाही अडखळली नाही. मधे श्वास कुठे घ्यायचा तेसुद्धा तिला पाठ होतं.

फोटोसाठी रांग होती. गायक निघून गेला होता. गिटारवाला एकटाच उंच स्टुलावर बसून येईल त्याच्या खांद्यावर हात ठेवत होता. माणूस प्रेमळ दिसत होता. भक्तराजांचा नंबर आला तसे शब्द कसेबसे बाहेर पडले.

"तुम्ही म्हणाला होतात, ते गाणं परत वाजवणार नाही. आमच्या मैदानावर. हात वर करायला लावले होते."

गिटारवाल्यानं क्षणभर पाहिलं आणि तो मनापासून हसला. "अरेच्चा, तुमच्याकडेही म्हणाला होता का तो? त्या दौऱ्यात रोज म्हणायचा हो! प्रत्येक गावात ठेवून यायचो आम्ही ते गाणं, आणि दुसऱ्या गावात परत वाजवायचो. लोक काय रडायचे!"

"पण तुमच्या मित्राचं गाणं..."

"त्याला ते अजिबात आवडायचं नाही. फार संथ आहे म्हणायचा. आज आम्ही जलद वाजवलं ना, ते आवडलं असतं त्याला. हं, इकडे बघा, कॅमेऱ्याकडे."

फोटो निघाला. त्यात गिटारवाला हसतोय, बायको आणि मुलगी हसतायत, आणि भक्तराज टोपी हातात धरून कुठेतरी भलतीकडेच बघतायत.

परतीच्या बसमध्ये मुलगी पुढच्या सीटवर बसली. भक्तराज खिडकीबाहेर बघत होते. मग एकदम म्हणाले, "तिसरं कडवं तुला पाठ कसं?"

"पाठ आहे."

"मी विसरलो. तू कशी नाही विसरलीस?"

तिनं पिशवी मांडीवर सारखी केली. "बहिणीकडे कॅसेट आहे. डोळ्यांचं झालं ना, त्याच्यानंतर तिनं माझ्यासाठी आणली. तिकडे गेले की ऐकते."

"म्हणजे इतकी वर्षं? आणि मला चकार शब्द नाही?"

"सांगून काय करू? तुम्ही पुन्हा तीच हकीकत ऐकवली असती."

"म्हणजे तूसुद्धा."

तेव्हा ती त्यांच्याकडे वळली. "सुद्धा म्हणजे? मला त्यांच्या पंगतीला बसवू नका. त्यांनी शब्द दिला आणि मोडला. मी हात वर केलाच नव्हता. माझ्या हातात तुमची छत्री होती, माझी पर्स होती, आणि मला ते पटलंही नव्हतं. तुम्ही वळून पाहिलंत का एकदा तरी?"

पुढच्या सीटवरच्या मुलीनं झोपेचं सोंग घेतलं.

दुसऱ्या दिवशी सलूनचं शटर वेळेवर वर गेलं, पण टेप वाजली नाही. भक्तराजांनी नुसत्या कात्रीच्या आवाजात दोघांचे केस कापले. चावीवाला रस्त्यापलीकडून ओरडला, "काय भक्तराज, पावला का देव?" मग तो रस्ता ओलांडून येऊन खुर्चीत बसला. आरशात त्यानं यांचा चेहरा पाहिला.

"वाजवलं?"

"हं."

चावीवाला हनुवटी वर करून बसून राहिला. दाढी झाल्यावर म्हणाला, "आवाजाशिवाय हात जड पडतो रे तुझा."

भक्तराजांना दिवसभर एकच गोष्ट कुरतडत होती. बँडचं एक वेळ सोडा. त्यांना शिव्या घालता येतील, भिंतीवरचे फोटो उतरवून ठेवता येतील. पण पट्टी बांधलेल्या बाईला आपण नाही म्हटलं, त्याच्या कितीतरी आधीच तो गायक पुढच्या गावात तेच गाणं म्हणून मोकळा झाला होता. सगळ्या दुनियेत एकट्या आपल्या घरात ते बंद होतं. आणि आपल्या घरातलं माणूससुद्धा ते ऐकायला बाहेर जात होतं.

दुपारी जेवायला घरी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत स्वयंपाकघरात बायको काहीतरी चिरत होती आणि गात होती. आजवर बहिणीकडे जाऊन ऐकलेलं ते गाणं, आज मोकळ्या आवाजात, आपल्या घरात. भक्तराज स्वयंपाकघराच्या दारात आले तशी ती थांबली.

"थांबलीस का?"

"तुम्हाला ऐकवेल का?"

हो म्हणणं सोपं होतं. हो म्हटलं असतं तर तिलाही बरं वाटलं असतं. भक्तराजांनी चौकटीला हात टेकला आणि खरंच विचार केला. डोळ्यांपुढे रंगीत कागद उडाले, गिटारवाल्याचं हसू आलं.

"नाही," ते म्हणाले. "मला नाही ऐकवत."

"मग दार लावून घ्या," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मी आता थांबणार नाही."

तिनं सुरी उचलली आणि जिथे सोडलं होतं तिथूनच गाणं पुढे सुरू केलं. भक्तराजांनी दार लावून घेतलं आणि बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले. दार काही फार जाड नव्हतं. पलीकडून गाणं येत राहिलं, पूर्वीच्या त्या संथ चालीत. सलूनमध्ये परत जायला त्यांना काही ना काही कारण सांगता आलं असतं. पण ते उठले नाहीत.