पातळ झालेला पेला

डेअरीत तिला सगळे चाखणीबाई म्हणत. कॅन उतरले की प्रत्येकातले घोटभर दूध ती तोंडात घोळवी, थुंकून टाकी आणि मान हलवी; तिने होकार दिल्यावरच तो कॅन टाकीत रिता होई.

गुडघ्यांनी संप पुकारल्यावर तिने वर्षभर खाण्याला लगाम घालून वजन उतरवले होते. उतरवण्यापेक्षा उतरलेले राखणे कठीण, हे ती जाणून होती. मागे एकदा सारे व्याजासकट परतले होते. या खेपेस तिला आपला मार्ग गवसला होता: संध्याकाळी पेलाभर घट्ट दूध. ते पोटात असले की भूक डोके वर काढीत नसे. डॉक्टरांची ना नव्हती.

ना होती नवऱ्याची. तो शिंपी. तिचे सारे कपडे त्याने आत घेतले होते आणि शिवणीतली माया, म्हणजे आतले जादा कापड, कापून परतीची वाटच बंद केली होती. दूध पिऊन कोणी बारीक राहिले आहे का, म्हशीकडे बघ, असे तो म्हणे. म्हैस दूध पीत नाही, देते, असे ती सुनावी.

मग एके दिवशी पेल्यातले दूध तिला पातळ लागले. पण ते तिच्याच डेअरीचे, सकाळी तिनेच पारखलेले. त्यात पाणी असणे शक्य नव्हते. म्हणजे आपली जीभच गेली. ती हबकली, कोणाजवळ बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. पोट मात्र फसले नाही. हात बिस्किटांच्या डब्याकडे वळू लागला, वजनाचा काटा सरकला आणि नवऱ्याने बोट दाखवले ते दुधाकडेच.

एका सकाळी एकाच गवळ्याचे सगळे कॅन तिला पाणचट लागले. घरचेही असेच लागते, तेव्हा खोट जिभेतच, अशी मनाची समजूत घालून तिने मान हलवली. थोड्या वेळाने लॅक्टोमीटरने चुगली केली. अख्खी टाकी बाद झाली. साहेब ओरडले नाहीत. पुन्हा असे झाले तर पिशव्या भरायला बसावे लागेल, एवढेच म्हणाले.

त्या दिवशी ती लवकर घरी आली. नवरा ओट्यापाशी उभा राहून तिच्या दुधाच्या पातेल्यात पाण्याचा तांब्या कलता करीत होता.

“तुझ्याच भल्यासाठी,” तो म्हणाला. “महिनाभर घालतोय. काटा चढला तसं थोडं वाढवलं.”

“मला वाटलं, माझी जीभ मेली.” तिचा आवाज चढला नाही, दात मात्र आवळले गेले. “आज ती खरं सांगत होती, आणि मी तिला खोटं पाडलं.”

“एवढ्याशा पाण्यासाठी?”

“एवढंसं पाणी ओळखायचाच पगार घेते मी, अहो.”

पातेले तिने मोरीत उपडे केले. नवी पिशवी फोडून दूध तापवले आणि त्याच्यावरची नजर न हटवता, उभ्यानेच शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. दूध घट्ट होते. जीभ शाबूत असल्याचा आनंद मात्र रागापुढे उभाच राहिला नाही.

मग तिने काचू लागलेले कपडे कपाटातून काढले आणि त्याच्या मशीनवर नेऊन आदळले. सगळे सैल करून हवेत, म्हणाली.

आत कापडच उरलेले नाही, तो पुटपुटला. पट्टी लावावी लागेल. “जोड दिसेल.”

“दिसू दे.”