सोनेरी घडांची विरळणी

"हा घड हाय का पोतं?" बाळासाहेब ओरडले. आवाज असा, की समोरच्या मेडिकलमधल्या गोळ्या पाकीट फोडून बाहेर आल्या असतील. "हवा जायला जागा नाय, मिस्तरी! एक्सपोर्टवाला गेटवरूनच परत पाठवील!"

गंगापूर रोडला माझं फ्रेमचं दुकान. बाळासाहेब निफाडचे द्राक्षबागायतदार. त्यांचे वडील, म्हणजे आण्णा, जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यांच्या ऑइल पेंटिंगला मी सागवानी फ्रेम केली होती. चारही कोपऱ्यांत कोरलेले द्राक्षांचे घड, वर सोन्याचा वर्ख. आठ दिवसांवर वर्षश्राद्ध. त्या दिवशी आईसमोर पडदा सरकवायचा. तिला आण्णा त्यांच्या बागेत बसल्यासारखे दिसावेत, एवढाच बाळासाहेबांचा ध्यास.

"अहो, लाकूड आहे हे."

"म्हणून थिनिंग करायचं नाय? सगळे बागायतदार येणार. आण्णांची लाज जाईल."

थिनिंग म्हणजे घडातले जादा मणी लहान असतानाच कापणं. उरलेले मग फुगतात. बागेत हे कात्रीनं होतं, मी पटाशी घेतली. बाळासाहेब स्टूल टाकून शेजारी. "हा काढा. हा ऱ्हाऊ द्या. हा काढा." चार घडांतून एक कंटेनर भरेल एवढे मणी निघाले.

मग उघड्या लाकडावर सरस आणि खडूचा लेप, त्यावर लाल मातीचा हात, त्यावर वर्ख. वर्ख लावताना पंखा बंद ठेवायचा, जमलं तर श्वासही. बाळासाहेब नेमके शिंकले. एक पान उडालं ते अजून सापडलेलं नाही. कळवणपर्यंत गेलं असावं.

श्राद्धाच्या दिवशी पडदा सरकला. बागायतदारांनी माना डोलावल्या. आई काठी टेकत पुढे आली. आण्णांकडे बघितलं, मग घडातल्या मोकळ्या जागेवरून बोट फिरवलं.

"ह्यांच्या बागंतला नाय हा. त्यांचा घड गच्च असायचा. मणी तोडू द्यायचे नाय. तुझ्याशी भांडले नव्हते का त्यापायी?"

बाळासाहेबांचा चेहरा वर्ख उडालेल्या लाकडासारखा झाला. तेव्हापासून मी ऑर्डर देणाऱ्याचं ऐकतो, पण नमुना घरातल्या म्हातारीला दाखवून मगच पटाशी उचलतो.

त्या दिवशी मात्र बाळासाहेबांनी मला कोपऱ्यात ओढलं. "मिस्तरी, मणी परत बसतील का हो?"

आईनं ऐकलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आता कुठं भांडायला येणार हायेत ते."