खोगिराखालची घोंगडी

ओट्यावर बसल्या बसल्या यशोदेचा डोळा लागतोय. मांडीवर खोगिराखाली घालायची घोंगडी आहे, उन्हात वाळून कडक झालेली. हातातला तेलाचा बोळा खोगिरावरच थांबतो. विकायच्या घोडीचं सामान म्हणे चकचकीत करून द्यायचं! दिराचा, बाळूचा हुकूम. टेंपो आज येणार आणि मैनेला घेऊन जाणार.

मैना तरी काय करील बिचारी? कोंडिबा वारला, आणि त्याचं दिवसकार्य उरकल्यापासून ती पाठीवर खोगीर टिकू देत नाही. चढवलं की लाथा झाडते. पाठ सोलून लाल झालीय. 'घोडी बिघडली' म्हणून सगळा गाव मोकळा झाला. यशोदेला मात्र नवऱ्यामागं घरात तेवढं एकच माणूस उरलेलं. माणूसच म्हणायचं, दुसरं काय?

"यशे, ऊठ जरा. चहा टाक."

कोंडिबा चुलीपाशी बसलाय. त्याच्या मागं, स्वयंपाकघरात, मैना उभी आहे आणि यशोदेला त्याचं काहीच वाटत नाही.

"तुम्ही आलात? किती वाट बघायला लावलीत! मला न्यायला आलात ना?"

"मैनेची पाठ बघायला आलो."

"अगं बाई! मेल्यावरही मैनाच का? माझ्याकडं बघा की एकदा!"

तो बघत नाही. चूल होती तिथं दवाखान्यातली खाट आहे, आणि पांढऱ्या चादरीवर खोगीर निजवलंय. कोंडिबा त्याच्याखालून घोंगडी ओढून काढतो, नाकाला लावतो.

"ही कुणी धुतली?"

"मीच. सुतक फिटलं तेव्हा घरातलं सगळं धुतलं. गोधड्या, चादरी, तुमचे सदरे. मग हिला कशी सोडू? सोड्यात भिजवली, साबण लावून चांगली घासली."

"मी कधी लावलाय हिला साबण?"

नाही लावला. तो घोंगडी झटकायचा, घोडीचे केस वेचायचा, उन्हात टाकायचा. फार तर साधं पाणी. लग्न झाल्यापासून बघत आलीय की ती! पण त्या दिवसांत डोकं कुठं ठिकाणावर होतं?

"जाड आहे ती, यशे. साबण आत राहतो." आता दोघं हौदापाशी वाकलेत. तो घोंगडी दाबतो आणि फेसच फेस निघतो. "घाम सुटला की पाठीला झोंबतो. आग होते गं तिची, म्हणून लाथा झाडते."

"माझी पण आग होते!" यशोदा त्याची बाही धरते. "मी कुणावर लाथा झाडू? सांगा ना! जाऊ नका, पाया पडते तुमच्या."

तेव्हा कुठं तो तिच्याकडं बघतो. बघतच राहतो.

"ते टोक धर," म्हणतो. "पीळ."

दोघं दोन टोकं धरून पिळतात. पाणी पायांवर सांडतं. मग तिकडचं टोक सैल पडतं.

"वहिनी! टेंपो आला!"

यशोदा ओट्यावरच आहे. लुगडं ओलंचिंब. मघापर्यंत कडक वाळलेली घोंगडी मांडीवर दोरखंडासारखी पिळून पडलीय, आणि तिच्या हातांना कोपरापर्यंत फेस लागलाय. ती धावत हौदावर जाते, घोंगडी पाण्यात लोटते, दाबते, उपसते, पुन्हा दाबते.

"वहिनी, अहो काय चाललंय? माणसं खोळंबलीत!"

"टेंपो परत पाठवा, भावजी," ती रडत ओरडते. "अजून फेस निघतोय!"