हळदी-कुंकवाचा प्रोजेक्टर

चंद्राबाई पोरे साताऱ्यातल्या शिंप्याची लेक. पुण्यात राहून एम.एस्सी. झाली आणि सांगलीजवळच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागली. देवापुढे निरांजन लावल्याशिवाय ती घराबाहेर पडायची नाही. पण कॉलेजात पाय ठेवला, की तिचं डोकं तापायचं. ऑफिसातलं ते कुलूपबंद कपाट दिसायचं ना!

कपाटात सरकारनं दिलेला प्रोजेक्टर होता, सोबत हृदयाच्या कामाची फिल्म. आला तेव्हा पाहुण्यांसमोर एकदा फिरवला, टाळ्या झाल्या, आणि आत गेला तो गेलाच. किल्ली हेडक्लार्क हंबीररावांच्या कमरेला.

इकडे पोरं इंग्रजी पुस्तक घोकत होती. आटपाडीकडच्या मेंढपाळाची रंगू गेल्या साली ह्याच विषयात नापास झालेली. "औंदा बी नापास झालीस तर लगीन," बापानं बजावलं होतं. फळ्यावरच्या हृदयाकडे बघून ती एकदा रडकुंडीला आली. "आवं बाई, झडप एकाच अंगाला उघडती म्हंता. पर कशी? खडूचं चित्र हालतच न्हाई की!"

चंद्राबाई तडक किल्ली मागायला गेली.

"मोडला तर?" हंबीरराव म्हणाले.

"ठेवून ठेवून गंजेल त्याचं काय?"

"गंजू द्या. गंजल्यालं कोण विचारत न्हाई. मोडलं की चौकशी लागती."

प्रिन्सिपॉलसाहेब तर हसलेच. "बाईमाणसानं विजेशी कशाला खेळावं?"

ती धुमसतच वर्गावर परतली.

खंडेनवमीला कपाट उघडलं. प्रोजेक्टर पाटावर मांडून हळदीकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. हंबीररावांनी पुन्हा किल्ली काढली, तशी चंद्राबाई पुढं झाली.

"थांबा. पूजा झाली ना? मग उद्या दसऱ्याला हा चालला पाहिजे. माझे वडील मशीन पुजायचे आणि दसऱ्याला पहिली टीप मारल्याशिवाय जेवायचे नाहीत. हत्यार पुजायचं आणि कोंडून ठेवायचं, हा कुठला धर्म? साहेब, देवाला फसवताय की पोरांना?"

धोंडिराम शिपाई खोबरं वाटता वाटता थांबला. "बाईंचं खरं हाय. दसऱ्याला आमी बी कुदळीचा एक घाव घालतोच की."

साहेबांचा चेहरा उतरला. "बरं. उद्याच्या दिवस फक्त. हंबीरराव, किल्ली बाईंकडे द्या."

दसऱ्याला होस्टेलची पोरं जमली, गावातल्या मावशीकडे राहणारी रंगूही आली. भिंतीवर पांढरं धोतर ताणलं. बटण दाबलं, तर सगळंच तांबूस, धुरकट! पोरं हसायला लागली. कुणीतरी भक्तीच्या भरात थेट भिंगालाच कुंकवाचं बोट लावलं होतं.

"डोळ्यातच कुंकू घातलंत की हो!" चंद्राबाई हंबीररावांवर कडाडली. जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यानं तिनं भिंग पुसलं.

आणि धोतरावर हृदय धडधडू लागलं. रंगू उठून उभीच राहिली. "उघडली! रगत माघारी वळलं की आपसूक मिटती, बघा! बाई, पुन्यांदा दावा!"

पुन्हा दाखवलं. मग पुन्हा. रंगूनं उघडझाप तळहातांनी करून दाखवली, शेजारणीला समजावूनही सांगितली. चंद्राबाईचे डोळे भरले, पण राग काही ओसरला नाही. एवढ्याशा गोष्टीपायी पोरीचं वरीस घालवलं ह्या लोकांनी!

सगळं आवरल्यावर हंबीररावांनी हात पुढं केला. "बाई, किल्ली."

चंद्राबाईनं ती पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

"पुढच्या खंडेनवमीला मागा. हळदीकुंकवापुरती देईन."