मायच्या पाठीतले दोन जुने मणके

मित्रांनो, दुपारपासून स्वतःचीच लाज वाटतेय, म्हणून लिहितोय.

माय मोरीत घसरून पडली. म्हणून आज मोताळ्याहून तिला बुलढाण्याला नेलं आणि एमआरआय काढला.

डॉक्टर म्हणाले, "हाडं फार ठिसूळ झालीत. हा मणका आत्ता दबलाय, पण हे दोन आधीच दबलेले, जुने आहेत. एमआरआयमध्ये ताजं आणि जुनं वेगळं दिसतं. मावशी, तेव्हा घरी सांगितलं नाही का?"

माय म्हणाली, "मी कोणाले सांगतलंच नाही, साहेब."

तिनं सांगितलं होतं. कापूस वेचणीच्या दिवसांत रोज मला म्हणायची, "बापू, मले उठनं नाही होऊन राह्यलं रे." मी म्हणायचो, वय झालं, दुखणारच. मलमाची एक ट्यूब आणून दिली आणि विसरलो.

डॉक्टरांसमोर हे मी बोलायला हवं होतं. मी औषधांची चिठ्ठी घेऊन उठलो.

परतताना विचारलं, "काऊन खोटं बोलली, माय?"

"तुले कोणी बोललेलं मले नाही आवडत," ती म्हणाली.

तिला आता कमरेचा पट्टा आणि औषधं सुरू झालीत.

तुमच्या घरी कोणी रोज तेच दुखणं सांगतं का? तुम्ही काय उत्तर देता?