दारूचं भाषण भलत्यालाच

ज्या माणसानं आयुष्यात दारूला तोंड लावलं नाही, त्याला मी दारूचे दुष्परिणाम चांगले घसा बसेपर्यंत समजावले होते. वर त्याच्या बायकोदेखत. ती पदर तोंडाला लावून हसत होती आणि मला वाटलं, बिचारी रडतेय.

तेव्हा मी धुळ्यात लिव्हरच्या डॉक्टरांकडे नर्स होते. नुकतंच समुपदेशनाचं शिबिर करून आले होते, त्यामुळे पाय जमिनीवर नव्हते. कोण पितो ते म्हणे मी दारातूनच ओळखायचे. नात परवा म्हणाली, "आजी, तू डिटेक्टिव्ह होतीस?" होते ना गं. चोर सोडून बाकी सगळ्यांना पकडणारी.

पेशंट होत्या शिंदखेड्याकडच्या एक अक्का. जुना हेपॅटायटिस बी. गोळ्यांनी विषाणू दबला होता, पण लिव्हरची सूज उतरेना. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या काम करताहेत, मग लिव्हरला छळतंय कोण? असंच चाललं तर ते आकसत जाईल. यांच्याशी जरा बोला."

'यांच्याशी' म्हणजे नवऱ्याशी, हे मी ठरवूनच टाकलं. घरात दारू असेल तर ती पुरुषाचीच, बाई कशाला पिईल? तो पितो, ही काळजीनं जेवत नाही, म्हणून लिव्हर बिघडतं. झाला माझा शोध पूर्ण! त्यात अक्कांचे यजमान, भाऊ, आले ते लालभडक डोळ्यांनी, नाक ओढत.

"भाऊ, तुमचे डोळेच सांगताहेत सगळं," मी म्हटलं.

"मिरचीनी आग शे बाई ती. पथारीवरून सरळ इकडंच उनू."

त्यांच्याकडे मिरची वाळवायला पथारीवर पसरतात, दिवसभर तिच्यातच वावरायचं. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण शिबिरात शिकवलं होतं, पिणारा माणूस कारणं देतो. "बहाणे नकोत," म्हणून मी सुरूच झाले. भाऊ बिचारे मान हलवत राहिले. शेवटी म्हणाले, "बरं बाई, नही पेवाव." मी विजयी मुद्रेनं डॉक्टरांकडे पाहिलं.

पुढच्या वेळी सूज तेवढीच. डॉक्टरांनी अक्कांना समजावून, त्यांची परवानगी घेऊन रक्ताची एक वेगळी तपासणी केली. गेल्या काही आठवड्यांत दारू पोटात गेली असेल, तर तिची खूण त्यात सापडते. सापडली. मी ठणकावून म्हटलं, "लॅबवाल्यांनी नळ्या बदलल्या. हे भाऊंचं रक्त आहे!"

डॉक्टर शांतपणे म्हणाले, "भाऊंचं रक्त आपण घेतलंच कधी?"

मग मात्र मी भाऊंना चहाला पाठवलं आणि अक्कांच्या शेजारी बाकावर बसले. कशी सुरुवात करावी ते सुचेना. तोंडातून निघालं, "अक्का, घरी काही दवादारू करता का?"

"करस ना. दवा तुमनी, दारू मनी."

आणि हसल्या. मीही हसले, दुसरं करणार काय? मग त्यांनी सांगितलं, "कापूस वेचीसन कंबर धरस. रातले मोहानी वाटीभर पेस, तवय डोया लागस. तुमी बठ्ठा यास्लेच इचारं. माले कोनी इचारंच नही."

खरंच होतं, आम्ही सगळ्यांनी भाऊंनाच विचारलं होतं. झोप लागावी म्हणून घेतलेली मोहाच्या दारूची ती वाटी आपल्या लिव्हरला चालत नाही, हे अक्कांना कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांनी रागावण्याऐवजी कंबरेवर आणि झोपेवर उपचार सुरू केले. भाऊंची मी माफी मागितली, तर ते म्हणाले, "राहू द्या बाई, गावात दोन जनास्ले सांगं मी तुमनं भाषण. त्यास्ना कामे उनं." तेव्हापासून मी प्रत्येकाला विचारायचे, बाई असो की आबा, पण एकट्याला, आणि आधी झोपेचं.

काही महिन्यांनी अक्का आल्या तेव्हा सूज बरीच उतरली होती. मी रिपोर्ट दाखवून विचारलं, "पूर्ण सुटली का अक्का?"

त्या म्हणाल्या, "पोयाले, बैलास्ना सणले, घोटभर लिधी, खोटं कसाले बोलू? तवयपासून नही. तुमी इचारत ऱ्हावा बाई, मी खरं सांगत ऱ्हासू."